थेंबातले पूर्णांक

मराठीत आंबेही मोजतात आणि दूधही मोजतात. क्रियापद एकच, पण कृती दोन. डझनात आंबे बाराच असतात. सव्वाबारा आंब्यांचा डझन कोणी देत नाही. मोजताना चूक झालीच तर ती अख्ख्या एका आंब्याची होते आणि पुन्हा मोजल्यावर दुरुस्त होते. दुधाचे तसे नाही. माप थोडे पोचलेले असेल तर शंभरदा मोजले तरी तीच चूक शंभरदा होते, आणि शंभरही वेळा उत्तर सारखेच आल्यामुळे आपल्याला ते बरोबर वाटते. पहिले मोजणे म्हणजे गणना, दुसरे म्हणजे मापन.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागो विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगात ही दोन्ही मोजणी तेलाच्या एकाच थेंबावर झाली. रॉबर्ट मिलिकन यांचा हा प्रयोग बारावीच्या आणि पदवीच्या पुस्तकांत एका आकृतीत आणि चार समीकरणांत आटोपतो. त्या प्रयोगाभोवती गेल्या काही दशकांत अप्रामाणिकपणाचा आरोप, विद्यार्थ्यावर झालेल्या अन्यायाची कहाणी आणि एका चुकीच्या आकड्याचा किस्सा असे बरेच काही जमले आहे. मी भौतिकशास्त्राचा पदवीधर नाही. जे शिकलो ते पुस्तकांतून आणि जुन्या शोधनिबंधांतून. मिलिकन यांचे मूळ लेख आणि त्यांच्या हस्तलिखित वह्यांची छायाचित्रे चाळताना मला एक गोष्ट सतत जाणवत राहिली. गणना आणि मापन वेगळे काढल्याशिवाय या प्रयोगाचा ना मोठेपणा कळतो, ना दोष.

ढगाकडून थेंबाकडे

१८९७ साली केंब्रिजमध्ये जे. जे. टॉमसन यांनी कॅथोड किरणांतल्या कणांचा विद्युतभार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर काढले. पण गुणोत्तरावरून दोहोंपैकी एकही राशी सुटी कळत नाही. भाराचा आकडा स्वतंत्रपणे हवा होता. त्यासाठी टाउनसेंड, स्वतः टॉमसन आणि पुढे १९०३ मध्ये एच. ए. विल्सन यांनी पाण्याच्या वाफेचा ढग वापरला. विद्युतभारित ढग कोंडायचा, त्याचा वरचा काठ किती वेगाने खाली बसतो ते पाहायचे आणि त्यावरून एका थेंबाचा भार काढायचा, अशी ती रीत. अडचण उघड होती. ढगातले थेंब सारखे नसतात, प्रत्येकावर एकेकच भार असेल याची खात्री नसते आणि पाण्याचा थेंब पाहता पाहता आटत जातो. हाती लागे ती सरासरी. शंभर माणसांच्या खिशांतले एकूण पैसे कळले म्हणून सर्वांत लहान नाणे कोणते ते कळत नाही.

शंकाही याच जागी होती. भार खरोखरच नाण्यांसारखा सुटा सुटा असतो, की पाण्यासारखा सलग असून टॉमसन यांचा आकडा ही केवळ एक सरासरी आहे? १९०० च्या दशकात हा प्रश्न निकाली निघालेला नव्हता. अणूंच्या अस्तित्वाबद्दलच साशंक असलेले प्रतिष्ठित शास्त्रज्ञ युरोपात होते.

मिलिकन तेव्हा चाळिशीला आले होते. अध्यापन आणि पाठ्यपुस्तके यांत नाव होते, पण संशोधनात सांगण्यासारखे काही हाती लागले नव्हते. १९०९ मध्ये ढगाचा काठ स्थिर धरण्यासाठी त्यांनी फार जास्त विद्युतदाब लावला, तेव्हा ढग क्षणात विखुरला आणि मागे थोडे थेंब अधांतरी राहिले. ढगाचा प्रयोग बिघडला, पण सुटा थेंब हाताशी आला. मात्र पाण्याचा थेंब काही सेकंदांतच आटत असे. पुढची पायरी म्हणजे पाण्याऐवजी तेल. ती कोणाला सुचली यावर दोन साक्षी आहेत, त्यांकडे पुढे वळू.

थेंबाची कालमापन-पट्टी

उपकरण सांगायला सोपे आहे. २२ सेंटिमीटर व्यासाच्या दोन पितळी तबकड्या एकमेकींवर सुमारे दीड सेंटिमीटर अंतराने आडव्या ठेवायच्या. वरच्या तबकडीला मध्यभागी बारीक छिद्र. अत्तराच्या फवाऱ्याने वर तेलाचे तुषार सोडायचे. फवारताना होणाऱ्या घर्षणाने थेंबांवर भार येतो. एखादा थेंब छिद्रातून खाली उतरतो. बाजूने प्रकाशाचा झोत टाकला की लहान दुर्बिणीतून तो काळ्या पडद्यावर चांदणीसारखा दिसतो. विद्युतदाब बंद असेल तर थेंब स्वतःच्या वजनाने संथ, एकसारख्या वेगाने खाली जातो. काही हजार व्होल्टचा दाब लावला की वर चढतो. दोन आडव्या रेघांमधले अंतर कापायला त्याला उतरताना किती वेळ लागतो आणि चढताना किती, एवढेच टिपायचे. तोच थेंब तासन् तास खालीवर नेता येतो. मध्येच क्ष-किरणांनी किंवा रेडियमने आजूबाजूची हवा भारित केली की थेंबाचा भार बदलतो आणि त्याच क्षणी चढण्याचा वेग बदलतो. उतरण्याचा वेग मात्र तोच राहतो.

आता एक उदाहरण पाहू. आकडे सोपे जावेत म्हणून मी निवडलेले आहेत, पण ते मिलिकन यांच्या उपकरणाला शोभतील असेच आहेत. समजा, एक सेंटिमीटर उतरायला थेंबाला ३६ सेकंद लागतात. दाब लावल्यावर तेवढेच अंतर चढायला एकदा १८० सेकंद लागले, भार बदलल्यावर ७२ आणि आणखी एकदा बदलल्यावर ४५. या तीन आकड्यांकडे नुसते पाहून काही कळत नाही. पण विद्युतबलाला दोन कामे करावी लागतात : आधी वजन तोलायचे आणि मग थेंब वर न्यायचा. म्हणून भार हा उतरण्याचा वेग आणि चढण्याचा वेग यांच्या बेरजेच्या प्रमाणात असतो. शाळेतल्या काळ-काम-वेगाच्या गणितासारखी बेरीज करू.

३६ वा भाग अधिक १८० वा भाग म्हणजे ३० वा भाग. ३६ वा अधिक ७२ वा म्हणजे २४ वा. ३६ वा अधिक ४५ वा म्हणजे २० वा. तिन्हींचा छेद १२० करा : ४, ५, ६.

असे पूर्णांक एका थेंबावर, दुसऱ्या थेंबावर, दहाव्या थेंबावर येत राहतात. मधला साडेचार किंवा पावणेसहा येत नाही, तेव्हा भार सुट्या नाण्यांत येतो हे मान्य करावे लागते. आणि या हिशेबात काय काय लागले नाही ते पाहण्यासारखे आहे. थेंबाचे वजन लागले नाही, तेलाची घनता लागली नाही, हवेचा कोणताही गुणधर्म लागला नाही. थेंब तोच, हवा तीच, दाब तोच. फक्त घड्याळ हवे. ही गणना आहे. घड्याळ थोडे पुढे-मागे असले तरी चाराचे साडेचार होत नाहीत. माझ्या मते मिलिकन यांच्या प्रयोगाचे खरे यश हे आहे. पाठ्यपुस्तके भाराच्या अंतिम आकड्याकडे धावतात, त्यामुळे ते विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतच नाही.

हवेचा चिकटपणा

नाणी आहेत हे कळले. एक नाणे केवढ्याचे, हा दुसरा प्रश्न. आणि येथे मापन सुरू होते. विद्युतबल किलोग्रॅम-मीटरच्या भाषेत सांगायचे तर थेंबाचे वजन हवे. आपल्या उदाहरणातला थेंब एका ग्रॅमच्या सुमारे सहा हजार कोटीव्या भागाएवढा. त्यासाठी तराजू नाही. मार्ग एकच : थेंब हवेतून किती सावकाश पडतो त्यावरून त्याची त्रिज्या काढायची आणि त्रिज्येवरून वजन. स्टोक्स यांचा नियम हे नाते सांगतो, पण त्यात हवेची श्यानता, म्हणजे तिचा चिकटपणा, अचूक माहीत असावी लागते. शिवाय थेंब इतके लहान की हवा त्यांना सलग द्रव्य न वाटता सुट्या रेणूंची गर्दी वाटू लागते, आणि स्टोक्सचा नियमच थोडा ढळतो. ती दुरुस्ती काढण्यासाठी मिलिकन यांनी निरनिराळ्या आकारांचे थेंब निरनिराळ्या दाबांच्या हवेत पाहिले. उपकरण ४० लीटर तेलात बुडवून तापमान अंशाच्या पन्नासाव्या भागापर्यंत स्थिर ठेवले. १९१३ साली त्यांनी भाराचे मूल्य जाहीर केले : त्या काळच्या स्थिरविद्युत एककांत ४.७७४ (भागिले एकावर दहा शून्ये), संभाव्य चूक ०.००९, म्हणजे सुमारे पाव टक्क्याहूनही कमी.

आजच्या मान्य मूल्याप्रमाणे हा आकडा ४.८०३ हवा. फरक ०.६ टक्के आहे, सांगितलेल्या चुकीच्या तिप्पट. दोष थेंबात नव्हता, घड्याळातही नव्हता. हवेच्या श्यानतेचा जो आकडा त्यांनी स्वीकारला तो सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी होता. गणितात श्यानतेचा दीडावा घात येतो, त्यामुळे श्यानतेतली चूक भारात दीडपट होऊन उतरते. पोचलेल्या मापाचे उदाहरण आठवावे. थेंब कितीही वाढवले असते तरी ही चूक कमी झाली नसती, कारण ती प्रत्येक थेंबात सारखीच होती.

ती उघड झाली वेगळ्याच वाटेने. १९२० च्या दशकात क्ष-किरणांची तरंगलांबी रेघा आखलेल्या जाळीवरून थेट मोजता येऊ लागली. तीच तरंगलांबी स्फटिकांच्या साहाय्याने काढायची तर अणूंमधले अंतर लागते आणि त्या हिशेबात इलेक्ट्रॉनचा भार येतो. दोन उत्तरे जुळेनात. १९२८ मध्ये स्वीडनच्या बॅकलिन यांच्या मोजणीतून भार ४.८० च्या आसपास असावा असे दिसले. तरीही १९२९ मध्ये भौतिक स्थिरांकांचा साक्षेपी आढावा घेताना बर्ज यांनी ४.७७० हाच आकडा ठेवला. १९३२ मध्ये जपानच्या शिबा यांनी श्यानतेकडे बोट दाखवले आणि त्या दशकात झालेल्या नव्या मोजण्यांनी ते खरे ठरवले.

१९७४ च्या एका प्रसिद्ध भाषणात रिचर्ड फाइनमन यांनी सांगितले की, मिलिकननंतरचे प्रयोगकर्ते त्यांच्या आकड्याच्या फार वर जाणारे उत्तर आले की चूक शोधत बसत आणि जवळचे उत्तर आले की शोधणे थांबवत. म्हणून आकडा हळूहळू सरकत गेला. त्यातला इशारा मोलाचा आहे. पण इतिहास थोडा निराळा आहे. आकडा पायरीपायरीने सरकला त्यापेक्षा, वेगळ्या पद्धतीने आलेले वेगळे उत्तर काही वर्षे जुन्यासमोर उभे राहिले आणि मग जुन्याचे कारण सापडले. एकच माप पुन्हा पुन्हा वापरून मापाचा दोष सापडत नाही. दुसरे माप आणावे लागते.

वहीतले आणि छापलेले

आता आरोपाकडे येऊ. व्हिएन्नाचे फेलिक्स एरेनहाफ्ट १९१० पासून सांगत होते की, त्यांना धातूच्या अतिसूक्ष्म कणांवर इलेक्ट्रॉनपेक्षाही लहान भार आढळतात. त्याच वर्षी मिलिकन यांनी पाण्याच्या थेंबांवरचा लेख छापला होता. त्यात त्यांनी प्रत्येक निरीक्षणाला भरवशाप्रमाणे तारे दिले होते आणि एका थेंबाचा भार बराच कमी आल्यामुळे तो वगळल्याचे मोकळेपणाने लिहिले होते. एरेनहाफ्ट यांनी मिलिकन यांचेच आकडे थेंबाथेंबाने पुन्हा मांडून दाखवले की, पाहा, यांचेही भार विखुरलेलेच आहेत. मोकळेपणाची ही किंमत होती.

१९१३ च्या लेखात ५८ थेंबांचा तक्ता आहे आणि हे निवडलेले थेंब नसून सलग ६० दिवसांत पाहिलेले सगळे थेंब आहेत, अशा अर्थाचे ठाम विधान आहे. १९७८ मध्ये विज्ञानेतिहासकार जेरल्ड होल्टन यांनी कॅलिफोर्नियातल्या संग्रहातल्या मूळ वह्या तपासल्या, तेव्हा ५८ पेक्षा कितीतरी जास्त थेंबांच्या नोंदी निघाल्या. कडेला शेरे आहेत : हा सुंदर आहे, छापावा, हा जुळत नाही, घेऊ नये. १९८१ मध्ये ॲलन फ्रँकलिन यांनी त्या वह्यांचे गणित पुन्हा केले. वगळलेले थेंब धरले असते तरी भाराचे मूल्य फारसे बदलले नसते. बदलली असती ती चुकीची मर्यादा, ती वाढली असती. कॅलटेकचे डेव्हिड गुडस्टीन यांनी पुढे मिलिकन यांची बाजू घेतली. ते विधान लेखाच्या ज्या भागात येते, तेथे त्याचा रोख मर्यादित होता, असे त्यांचे म्हणणे.

मला हा बचाव पटत नाही. आणि 'लबाडी' हा शिक्काही पुरेसा वाटत नाही. ओळखीच्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दोन दुपारी मी या प्रयोगाच्या नेत्रिकेला डोळा लावून बसलो आहे. थेंब आडवा सरकतो, अंधूक होतो, फार लहान असला तर रेणूंच्या धक्क्यांनी थरथरतो, मध्येच भार बदलतो. काही निरीक्षणे टाकावीच लागतात. पण उत्तर पाहिल्यानंतर टाकण्याची इच्छा होते, तेव्हा कारणही लगेच सापडते. ते मी माझ्या वहीत पाहिले. नियम सोपा आहे आणि कठीणही : थेंब टाकायचा तर गणित करण्यापूर्वी टाकावा, आणि टाकला हे सांगावे. मिलिकन यांनी अनेक थेंब गणित न करता सोडले, काही मात्र केल्यानंतर सोडले. १९१० मध्ये त्यांनी ते सांगितले. १९१३ मध्ये सांगितले नाही, उलट सगळे दिले असे लिहिले. मला तेथे एक मार खाल्लेला माणूस दिसतो.

आणि या लपवण्याने मिळाले काय? पूर्णांकांना त्या विधानाची गरजच नव्हती. गणना थेंबागणिक उभी होती. मापनाला त्याचा उपयोग झाला नाही, कारण खरी चूक श्यानतेत होती. फायदा एवढाच की, चुकीच्या आकड्याभोवतीची मर्यादा अधिक अरुंद दिसली आणि जगाचा त्या आकड्यावरचा विश्वास वाढला.

फ्लेचर यांची साक्ष

तेल कोणाला सुचले? १९०९ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातल्या विनिपेगच्या परिषदेहून परतताना रेल्वेत घड्याळाचे तेल आपल्याला सुचले, असे मिलिकन यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. त्यांचे विद्यार्थी हार्वी फ्लेचर यांची साक्ष वेगळी. मिलिकन यांनी आटणाऱ्या थेंबांची अडचण प्रबंधाचा विषय म्हणून आपल्याला दिली. अत्तराचा फवारा आणि घड्याळाचे तेल बाजारातून आणून पहिली जुळणी आपण केली आणि तीत तेलाच्या चांदण्या आपल्याला प्रथम दिसल्या, असे ते लिहितात. दोघांनी पुढे बरोबर काम केले. लेख लिहून झाले तेव्हा मिलिकन फ्लेचर यांच्या घरी आले. प्रबंधासाठी एकट्याच्या नावाचा लेख हवा, तर वायूंतल्या ब्राउनीय गतीवरचा लेख तुमच्या एकट्याच्या नावे असावा आणि भारावरचा माझ्या एकट्याच्या, असे त्यांनी सुचवले. तरुण फ्लेचर कबूल झाले. १९२३ चे नोबेल पारितोषिक मिलिकन यांना मिळाले. त्यात भाराचे मापन आणि प्रकाशविद्युत परिणाम अशी दोन्ही कामे होती.

फ्लेचर बेल प्रयोगशाळेत गेले आणि ध्वनी व श्रवण यांतले मोठे संशोधक झाले. ही हकीकत त्यांनी लिहून ठेवली, पण १९८१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावरच, १९८२ मध्ये, ती छापली गेली. तिच्यात कटुता नाही. मिलिकन यांनी आपल्याला केलेल्या मदतीचा उल्लेख आहे. थेंबाच्या श्रेयाचे पूर्णांकांसारखे वाटप झाले होते : एक याला, एक त्याला, मधले काही नाही. श्रेय तसे नसते. ते दुधासारखे असते.

माप झाले संख्या

एरेनहाफ्ट अखेरपर्यंत आपल्या अपूर्णांकांवर ठाम राहिले. त्यांचे कण फार लहान होते. त्यांच्या आकाराचा आणि घनतेचा भरवसा नव्हता. १९६० च्या दशकात क्वार्कच्या कल्पनेबरोबर एक-तृतीयांश भार भौतिकशास्त्रात आला, तेव्हा तेलाचा थेंब पुन्हा बाहेर निघाला. स्टॅनफर्डला मार्टिन पर्ल यांच्या गटाने संगणकाच्या डोळ्याने एक कोटीहून अधिक थेंब तपासले. सुटा अपूर्णांक भार असल्याचा मान्य होईल असा पुरावा आजवर मिळालेला नाही. क्वार्क आहेत, पण ते एकटे बाहेर पडत नाहीत.

२० मे २०१९ पासून या कथेला वेगळे वळण लागले. त्या दिवसापासून इलेक्ट्रॉनचा भार मोजायचा राहिलाच नाही. तो ठरवून दिला गेला. कूलोमच्या एककात दशांश चिन्हानंतर अठरा शून्ये आणि पुढे १६०२१७६६३४, बस्स. त्याला संभाव्य चूक नाही. उलट ॲम्पिअरची व्याख्या आता यावरून होते : सेकंदाला अमुक इतके इलेक्ट्रॉन वाहिले की एक ॲम्पिअर. म्हणजे विजेचे मापन आता मुळात गणना आहे.

याचा एक परिणाम मला फार आवडतो. आज एखादी विद्यार्थिनी हा प्रयोग करते आणि उत्तर ०.६ टक्क्याने कमी येते, तेव्हा तिने इलेक्ट्रॉनचा भार चुकीचा मोजला असे म्हणता येत नाही, कारण तो ठरलेलाच आहे. तिने मोजली ती तिच्या खोलीतली हवा, तिचा तापमापक, तिच्या रेघांमधले अंतर आणि तिचे घड्याळ. परीक्षकाने म्हणूनच अंतिम आकड्याआधी तिची वही मागावी, खोडलेल्या ओळींसकट, आणि त्या का खोडल्या ते विचारावे.